सत्तावीस करंडक

रविवार, ८ नोव्हेंबर १९७०

सकाळी सायकल हाणत सातबोरीच्या लवणावर गेलो. धुळ्यापासून सात मैल, त्यातले शेवटचे दोन गाडीवाटेचे. बी. एस्सी.च्या मुलांना दाखवायला नमुने हवे होते. हे काम खरं तर प्रयोगशाळेच्या शिपायाचं, पण त्याला लव्हाळा आणि कोथिंबीर यांतला फरक कळत नाही.

लवण म्हणजे जेमतेम दोन एकरांची ओल. वरून नाला येतो, सखल जागेत पसरतो, लव्हाळ्यात आणि पाणकणसांत मुरतो आणि खालच्या अंगाला गावाच्या झिऱ्यात पाझरतो. सातबोरीच्या बाया त्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरतात. लवणात वर्षानुवर्षं पाला कुजून काळा थर बसलाय, पाय ठेवला की गादीसारखा दबतो. थंड मुलखातल्या असल्या दलदलींवर इंग्रजीत जाडजूड पुस्तकं आहेत. आमच्या या एवढ्याशा तुकड्यावर कोणी एक ओळ लिहिलेली नाही, कारण लिहिणारे सगळे पुण्याला राहतात आणि त्यांना धूळ सोसत नाही.

नेहमीच्या सहा दगडांवरचा तपकिरी लेप खरवडून आणला. म्हणजे आणायला गेलो होतो. लेप जवळपास नव्हताच.

मंगळवार, १० नोव्हेंबर

ओसरीवर स्टोव्ह पेटवून खरवड नायट्रिक आम्लात उकळली. सुमन म्हणाली, "माझं दुधाचं पातेलं घेतलंत का?" नव्हतं घेतलं. जुनं घेतलं होतं. वासावरून शेजारी बोलले ते वेगळंच.

आम्लात बाकी सगळं जळतं आणि डायाटमची काचेची घरं तेवढी उरतात. एकपेशीय जीव, पण घर असं की सोनारानं हात जोडावेत. खाली डबी, वर झाकण, दोन्हींवर नक्षी. सुमननं एकदा सूक्ष्मदर्शकातून पाहून "अगबाई, कुंकवाचे करंडेच की" म्हटलं होतं. शास्त्र शिकलेली नसली तरी कधीकधी बरोबर बोलते.

गेल्या वर्षी याच दिवसांत याच सहा दगडांवर मी एकतीस जाती मोजल्या होत्या. वहीत तारखेसह आहे. आज चार. त्याही सगळ्या गटारात फोफावणाऱ्या. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा भिंग पुसून मोजलं. चारच.

सत्तावीस जाती एका वर्षात गेल्या आणि कोणाला पत्ता नाही. पाण्यात काहीतरी घातक येतंय, आणि तेच पाणी गाव पितंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे.

रविवार, १५ नोव्हेंबर

पुन्हा सातबोरी. दगडांपाशी बेबाबाई धुणं धूत होती. साठीची असेल. गावातली पहिली घागर तिची असते, असं तीच सांगते. मला नमुने घेताना पाहून म्हणाली, "मास्तर, दगड आते निसरडा नही राह्यनात. पहिले पाय ठेवा का सरके. आते देखा, कसा कोरडा ठनठनीत."

मी म्हटलं, "बाई, मी शास्त्रीय काम करतोय, जरा बोलू नका."

तरी बोललीच. "पानी बी तुरट लागस, चार महिनापाईन. पोरेस्ना पोट दुखस. आनि सोमवारले त लाल येस."

सोमवारचं मात्र मी टिपून घेतलं. बाकी निसरडं-बिसरडं ठीक आहे, पायांनी पाणी तपासता आलं असतं तर मी एम. एस्सी. कशाला झालो असतो?

नाल्यानं वर चालत गेलो. दीड मैलावर सूत रंगवायचं सहकारी रंगाईघर उभं राहिलंय, उन्हाळ्यातच सुरू झालं. चेअरमन अभिमनआबा. भिंतीतून एक जाड पाइप थेट नाल्यात सोडलेला, खालची माती जांभळी. आज रविवार, त्यामुळे पाइप कोरडा. आत रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, "सोमवारले टाक्या धोतस." एवढं सरळ उत्तर देणारा माणूस तिथे टिकेल असं वाटत नाही.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

कचेरीत गेलो. कोणती कचेरी ते लिहीत नाही, दैनंदिनीलाही अब्रू असते. पाण्याची जबाबदारी असलेली कचेरी, एवढं पुरे. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही गेल्या गुरुवारीच माणूस पाठवून बाटली भरून आणली. पाणी उत्तम आहे."

गुरुवारी! अहो, टाक्या सोमवारी धुतात. गुरुवारपर्यंत लाल पाणी वाहून गेलेलं असतं. बाटलीतलं पाणी भरल्या दिवसापुरतं सांगतं. दगडावरचे जीव महिनामहिना तिथेच असतात, सगळे सोमवार त्यांच्या अंगावरून जातात. ते मेले म्हणजे साक्ष झाली. हे मी टेबलावर बोट आपटून सांगितलं. साहेब म्हणाले, "लेखी द्या."

आठ पानी इंग्रजी अहवाल दिला. आकृत्यांसह.

मंगळवार, १ डिसेंबर

अहवाल परत आला. न वाचता. वर लाल शाईत शेरा: "राजभाषा मराठी असल्याने मराठीत सादर करावा."

मराठीचा अभिमान मला कोणी शिकवू नये. मी वर्गात 'क्लोरोफिल'ला 'हरितद्रव्य' म्हणतो आणि मुलं हसतात तरी म्हणतो. पण माणसं पाणी पिताहेत, त्यात दहा दिवस गेले.

गुरुवार, ३ डिसेंबर

डायाटमला मराठी शब्द काय? सुमन म्हणाली, "शेवाळ लिहा ना सरळ."

शेवाळ! शेवाळ लिहिलं तर ते म्हणतील, शेवाळ गेलं, झकास झालं, पाणी स्वच्छ झालं. शिवाय शेवाळात हजार प्रकार येतात. मी असला ढिसाळ शब्द वापरणार नाही.

"मग कंसात समजावून लिहा," ती म्हणाली. "कुंकवाच्या करंड्यासारखे बारीक जीव, असं."

सरकारी अहवालात कुंकू! मी पारिभाषिक शब्दांची यादी काढली. त्यात नेमका शब्द मिळाला: करंडक. किती सुंदर शब्द आहे. दोन पानांत अहवाल बसवला. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो, कारण तो मला साधला आहे असं वाटतं:

"सातबोरी येथील लवणात गतवर्षी एकतीस प्रकारचे करंडक होते. त्यांपैकी सत्तावीस नाहीसे झाले असून यास वरच्या अंगाचे रंगाईघर कारणीभूत असावे असा सबळ संशय आहे. तरी याचा त्वरित तपास व्हावा, ही विनंती."

सुमननं वाचलं, काहीतरी बोलणार होती, मग पदर तोंडाला लावून आत गेली. सर्दी झाली असावी.

सोमवार, २१ डिसेंबर

काहीही उत्तर नाही. तास बुडवून सातबोरीला गेलो. लाल पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बेबाबाई आणि आणखी तिघी झिऱ्याच्या काठावर घागरी रिकाम्या ठेवून बसल्या होत्या. पाणी निवळायची वाट पाहत. दुपारपर्यंत बसतात, दर सोमवारी. संध्याकाळी तेच पाणी भरतात, कारण दुसरं नाही.

मी म्हटलं, "मी अर्ज केलाय."

बेबाबाई म्हणाली, "मंग काय व्हयनं?"

मी तसाच निघालो. येताना चढावर सायकल ढकलत आणली आणि वाटेत मोठ्यानं शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही.

बुधवार, ६ जानेवारी १९७१

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

अकराच्या तासाला वर्गाच्या दारात पोलीस. हवालदार वना म्हणून, सातबोरी ज्या ठाण्यात येतं तिथला. साठ मुलांसमोर म्हणाला, "सर, तुमची फिर्याद आलीय. करंडक चोरीची."

मला आधी कळेचना. त्यानं माझाच अहवाल काढून दाखवला. वर कचेरीचा शेरा: "अर्जातील चोरीबाबत पुढील कार्यवाहीसाठी पोलीस ठाण्याकडे वर्ग." सत्तावीस करंडक, नाहीसे झाले, सबळ संशय, त्वरित तपास. शेवटच्या परिच्छेदाखेरीज कोणी काही वाचलंच नव्हतं. त्या दिवट्यांना वाटलं, गावच्या क्रीडामंडळाची बक्षिसं कोणी लांबवली!

शिक्षकांच्या खोलीत जबाब घेतला. सगळे सहकारी वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते.

"करंडक चांदीचे का पितळी?"

"काचेचे," मी चिडून म्हणालो.

त्यानं लिहिलं, काचेचे. "उंची किती?"

"डोळ्यांना दिसत नाहीत एवढे ते लहान असतात!"

त्याची लेखणी थांबली. "मग चोरानं पाहिले कसे?"

कोपऱ्यातून कोणीतरी फुस्सकन हसलं. मी उभा राहून सगळं समजावलं: डायाटम, दगड, लेप, टाक्या, सोमवार. हवालदार वना शांतपणे ऐकत होता. मी म्हटलं, "ही फिर्याद नाही. अर्ज मागे घेतो."

"आता नाही घेता येणार, सर. आवक क्रमांक पडला. आवक झालं म्हणजे जावक व्हायलाच पाहिजे. मधे पंचनामा लागतो."

आठ पानं इंग्रजीत लिहिली तेव्हा कोणी हललं नाही. लोक विष पिताहेत म्हटलं तेव्हा कोणी हललं नाही. आणि न झालेल्या चोरीसाठी सरकार सायकलवर बसून सात मैल येतं! माझा एकही शब्द चुकलेला नव्हता, हे मी इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

घरी सांगितलं तर सुमन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं." वाटलं होतं तर बोलायचं होतं. जेवताना मी तिच्याशी बोललो नाही.

सोमवार, ११ जानेवारी

पंचनामा. वाराची निवड माझी नव्हे, हवालदाराला बेबाबाईनं सांगितलं म्हणे की सोमवारीच या. तिला काय वाटलं कोण जाणे.

दहाच्या सुमारास हवालदार, गावातले दोन पंच, मी, आणि निम्मं सातबोरी. दगडांपाशी उभे राहतो तोच लाल पाणी आलं. हवालदार वना बूट उचलून मागे सरला. लिहिलं: "घटनास्थळी लाल रंगाचे, उग्र वासाचे पाणी वाहत असून ते वरच्या बाजूने येत आहे."

मग मला विचारलं, "करंडक कोणाच्या मालकीचे?"

"कोणाच्याच नाहीत."

"मग चोरी कशी झाली? ज्याला मालक नाही ते चोरीला जात नाही, सर."

मी माझी वही मिटली. रागानं नव्हे. तो माणूस साधं विचारत होता आणि त्याच्या पुस्तकात खरंच तसं असणार. पाण्याला मालक नाही, दगडांना नाही, त्या काचेच्या घरांना तर मुळीच नाही. म्हणून कोणीही यावं आणि न्यावं.

तेवढ्यात बेबाबाई पुढे झाली. "ल्हिय ना भाऊ, आमना शेतस. बठ्ठा गावना."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लिहिलं: "मालकी: ग्रामस्थ सातबोरी." तिचा अंगठा घेतला.

तिथून वरात रंगाईघरावर. पोलीस बघून कामगार बाहेर आले. अभिमनआबा जीपमधून उतरले, पांढरेशुभ्र, इस्त्रीचे. निवडणुकीचे दिवस, गाडीला झेंडा. हवालदारानं वही उघडून विचारलं, "सत्तावीस करंडकांबद्दल काय माहिती आहे?"

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, चोरीमा आमनं नाव कशाले गोवतस? काय पाण्याबिण्याचं असेल ते आपण बसून बोलू. पण चोरी? ऐन निवडणुकीत?"

मी खुलासा करणार होतो की गैरसमज झालाय, करंडक म्हणजे बक्षिसाचा पेला नव्हे. शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणून काही असतो. पण नेमका बेबाबाईचा पाय माझ्या पायावर पडला, चांगला जोरात. बाईला वयोमानानं दिसत नसावं. अंगठा कळवळला आणि बोलायचं राहून गेलं.

हवालदारानं पाइप मोजला, टाक्या मोजल्या, सगळं लिहून घेतलं आणि जाताना म्हणाला, "तपास चालू आहे. मी येत राहीन."

शुक्रवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. सुमननं तिळगूळ दिला, बोलणं सुरू झालं.

मंगळवार, १९ जानेवारी

काल सातबोरीला गेलो. पाइप बंद! तोंडाला फळी ठोकलेली, आणि रंगाईघराच्या मागे मोठा खड्डा खणून रंगाचं पाणी त्यात सोडलंय. रखवालदार (टिकलाय अजून) म्हणाला, "गावमा बठ्ठा म्हनतस, आबासनी करंडा चोरात. आबा म्हने, आधी हाऊ पाइप बुजा."

मला हे पटत नाही. एवढा मोठा माणूस असल्या वावड्यांना भिणार नाही. बहुधा माझ्या इंग्रजी अहवालाची प्रत शेवटी कोणीतरी जाणत्यानं वाचली असावी. आकृत्या स्पष्ट होत्या.

खड्डा ही काही कायमची सोय नव्हे. पावसाळ्यात भरून वाहील. तसं आबांना पत्र लिहिलं. उत्तर नाही.

सोमवार, ८ फेब्रुवारी

दगड तपासले. आठ जाती. येताहेत, पण सावकाश. मी उगाच हुरळणार नाही.

मंगळवार, २ मार्च

ठाण्यातून कागद आला. "नमूद करंडक शोध घेऊनही मिळून आले नाहीत. अर्जदाराचे काही म्हणणे असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, अन्यथा तपास बंद करण्यात येईल."

बंद करा. एकदाचं बंद करा. हा कागद आला तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत मला 'चॅम्पियन' म्हणतात.

पण परवा सायकलवरून येताना रंगाईघरापाशी थांबलो. पाइपावरची फळी सैल केलेली होती. दोन खिळे काढून बाजूला नीट ठेवले होते. विचारलं तर रखवालदारानं मान खाली घातली. मतदान आटोपत आलंय. आता आबांना कसली भीती? मी त्या खिळ्यांकडे किती वेळ पाहत उभा होतो कोण जाणे.

रविवार, १४ मार्च

सकाळी दारात बेबाबाई. सातबोरीहून पहिल्या गाडीनं आलेली. उजवा हात गळ्यात बांधलेला, मनगट सुजलेलं, आणि चेहरा असा की घरी लग्न निघालंय.

"मास्तर, मी पडनू!"

सुमन धावत आली. "अहो, बसा तरी. कशा पडल्या?"

"दगडवर पाय सरकना. काल धुनं धोवाले गऊ, पाय ठेवा आनि सर्रकन खाले. घागर बी फुटनी." आणि हसतेय. डाव्या हातानं फडक्याची गाठ सोडली, आत ओल्या लव्हाळ्यात गुंडाळलेला दगड. सात मैल एका हातानं सांभाळून आणलेला. त्यावर मधाच्या रंगाचा लेप, बोट लावलं की बुळबुळीत.

मी ओसरीवर स्टोव्ह पेटवला. सुमननं न मागता पातेलं आणून दिलं, दुधाचं. दीड तासानं काच भिंगाखाली सरकवली आणि मोजायला लागलो. दहा. चौदा. डबी, झाकण, नक्षी. एकोणीस.

मोजून झाल्यावर मला डोळे पुसावे लागले. आम्लाची वाफ नव्हती, लपवण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरात ही बाई म्हणाली होती की दगड निसरडे राहिले नाहीत. तो निसरडेपणा म्हणजेच हे जीव. तिला सगळं तेव्हाच ठाऊक होतं, आणि मी तिला गप्प बसायला सांगितलं होतं.

तिला भिंगातून दाखवलं. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमना करंडा सापडनात का?"

"सापडले, बेबाबाई. सत्तावीसमधले पंधरा. बारा अजून यायचेत."

"मंग त्या हवालदारले सांगा ना. तो बिचारा आजून धुंडी राह्यना व्हई."

सुमन हसली. मी हसणार होतो, आणि एकदम थांबलो. तपास चालू आहे तोवर हवालदार येत राहणार. हवालदार येतो तोवर ती फळी पाइपावर राहणार. जानेवारीत माझ्या अंगठ्यावर पाय का पडला, तेही आज कळलं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती चहात खारी बुडवत होती.

दौत, टाक, कोरा कागद. पंधरा दिवसांची मुदत परवा संपते. या वेळी शब्द शोधायला यादी उघडली नाही.

"विषय: करंडक चोरीचा तपास बंद न करणेबाबत.

महोदय, सातबोरी येथून नाहीशा झालेल्या सत्तावीस करंडकांपैकी पंधरा परत मिळाले आहेत. बारा अद्याप बेपत्ता आहेत. ते मिळेपर्यंत रंगाईघराच्या पाइपाची दर सोमवारी समक्ष पाहणी व्हावी. चोरटे त्याच वाटेने परत येण्याची दाट शक्यता आहे."

खाली मी सही केली. बेबाबाईचा उजवा हात गळ्यात होता, म्हणून डावा अंगठा घेतला. उद्या मी स्वतः ठाण्यात जाऊन आवक क्रमांक पाडून आणणार आहे.